उपग्रह वर गेले, आता खाली काय?

२०२२ सालची दिवाळी तोंडावर आली होती. घरोघरी फराळाचे डबे भरत होते. २२ ऑक्टोबरची रात्र सरून २३ तारीख लागली आणि बारा वाजून सात मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून आपल्या देशाचे सर्वांत मोठे रॉकेट एलव्हीएम-३ आकाशात झेपावले. त्याच्या पोटात एका परदेशी कंपनीचे ३६ दळणवळण उपग्रह होते. आमच्यापैकी काहींनी ते दृश्य जागून पाहिले, टाळ्या वाजवल्या आणि मग झोपलो.

सुटीनंतर शाळा उघडली तेव्हा या प्रक्षेपणाचे कात्रण फलकावर लावले होते. ते वाचून आठवीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, उपग्रह तर आपले नव्हतेच. आपण फक्त पोहोचवून दिले. मग टाळ्या कशाला?" वर्ग हसला. शिक्षक-कक्षात ही गोष्ट निघाली तेव्हा आम्हीही हसलो. परंतु नीट उत्तर मात्र कोणाकडेच नव्हते. पुढे २६ मार्च २०२३ रोजी आणखी ३६ उपग्रह त्याच रॉकेटने वर नेले. आता तर उपग्रहाद्वारे इंटरनेट ही चर्चा घरोघरी पोहोचली आहे. त्या मुलाचे उत्तर आमच्याकडे बाकी आहे. ते या पानावर देण्याचा हा प्रयत्न.

प्रथम थोडे मूलभूत. आपल्या घरावरील टीव्हीची छत्री ज्या उपग्रहाकडे तोंड करून बसलेली असते, तो सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. तेथे पृथ्वीभोवती एक फेरी मारायला त्याला एक दिवस लागतो, म्हणून तो आपल्याला एकाच जागी स्थिर दिसतो. सोय मोठी, पण अंतरही मोठे. खालून वर जाऊन पुन्हा खाली यायला संदेशाला जवळजवळ पाव सेकंद लागतो. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद. चित्रपट पाहताना याने काही बिघडत नाही. परंतु समोरासमोर बोलताना, वर्गात शंका विचारताना हा अर्धा सेकंद खटकतो.

त्यावर उपाय म्हणजे उपग्रह खाली आणणे. स्टारलिंक या अमेरिकन जाळ्याचे बरेचसे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर फिरतात. ही उंची किती? उज्जैनहून पुण्याचे सरळ रेषेतील अंतर साधारण तेवढेच आहे. म्हणजे पुण्याची आत्या जेवढी लांब, तेवढाच हा उपग्रह लांब, फक्त दिशा वरची! संदेश वरखाली जायला सेकंदाचा अडीचशेवा भागही लागत नाही. पण इतक्या खाली उपग्रहाला टिकून राहायचे तर सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने पळावे लागते. या वेगाने उज्जैन ते पुणे सव्वा मिनिटात! साहजिकच असा उपग्रह आपल्या डोक्यावर काही मिनिटेच राहतो. तो क्षितिजाआड जाण्यापूर्वी दुसरा हजर हवा, मग तिसरा, चौथा. म्हणून एकदोन उपग्रह पाठवून भागत नाही, त्यांचे थवेच पाठवावे लागतात. पालखीला खांदेकरी बदलत राहतात आणि पालखी थांबत नाही, तसेच हे.

२०२२ साली आपण वाहून नेलेले उपग्रह वनवेब या कंपनीचे होते. प्रत्येकाचे वजन सुमारे दीडशे किलो. आपल्या रॉकेटने ते ६०० किलोमीटरवर सोडले. तेथून ते स्वतःच्या बळावर हळूहळू १,२०० किलोमीटरपर्यंत चढले. ही कंपनी मुळात रशियन रॉकेटने उपग्रह पाठवीत असे. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध पेटले. मार्चमध्ये रशियाने काही अटी घातल्या, त्या मान्य झाल्या नाहीत, आणि बैकानूरला उड्डाणासाठी उभे असलेले ३६ उपग्रह तेथेच अडकून पडले. कंपनीने दुसरी दारे ठोठावली. त्यातले एक दार आपले उघडले. दोन उड्डाणांसाठी हजार कोटींहून अधिक रुपयांचा करार झाल्याचे तेव्हा जाहीर झाले. या कंपनीत भारती उद्योगसमूहाचा मोठा वाटा होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्यामुळे हे उपग्रह अगदीच परके नव्हते.

आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. दुसऱ्याचे सामान वाहण्यात गौरव काय? आम्हांस असे वाटते की, कोणी आपल्या घरचे दागिने आपल्या हाती सोपवून "एवढे पोहोचवून द्या" म्हणतो, तेव्हा तो आपल्याला हमाल समजत नाही, विश्वासू समजतो. ३६ उपग्रह एकाच वेळी वर नेणे हे साधे काम नाही. त्यांना चारचारच्या नऊ गटांत सोडायचे, प्रत्येक वेळी रॉकेटच्या शेवटच्या टप्प्याने आपली दिशा किंचित बदलायची, आणि कोणताही उपग्रह दुसऱ्यावर आदळू द्यायचा नाही. पहिल्या उड्डाणात काही गट आपल्या केंद्रांच्या दृष्टीआड सुटले. त्यांची खबर येईपर्यंत शास्त्रज्ञ वाट पाहत बसले होते. सर्व ३६ सुखरूप सुटल्याचे नंतर कळले. टाळ्या त्या कौशल्यासाठी होत्या.

आणखी एक. या रॉकेटच्या दोन्ही अंगांना घन इंधनाचे दोन जाडजूड बूस्टर असतात. प्रत्येकात २०० टनांहून अधिक इंधन. उड्डाणाचा पहिला रेटा तेच देतात. त्यांची मजबूत कवचे बनविण्यात पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्याचा वाटा आहे. द्रव इंधनाच्या इंजिनांच्या निर्मितीत मुंबईच्या विक्रोळीतील गोदरेजचा हात आहे. आणि आपल्या देशात घन इंधनाचा पाया ज्यांनी घातला त्यांत डॉ. वसंतराव गोवारीकर हे नाव अग्रभागी आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपल्या शाळेत जो विज्ञान दिन साजरा होतो, त्याच्या कल्पनेमागेही तेच होते, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? तेव्हा "आपले काय होते?" याचे उत्तर असे की, सामान दुसऱ्याचे असले तरी गाडी आपली होती, रस्ता आपण शोधलेला होता आणि गाडीवान आपला होता.

येथवर कौतुक. परंतु केवळ कौतुक करून थांबलो तर आम्ही आमच्या वाचकांशी प्रामाणिक राहणार नाही. कारण आमच्या मते खरा प्रश्न वर नाही, खाली आहे.

२०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आठवा. शाळेला कुलूप होते आणि वर्ग मोबाईलवर भरत होता. आमच्या एका विद्यार्थिनीचे कुटुंब त्या काळात महिदपूरच्या बाजूला आपल्या गावी जाऊन राहिले. घरात एक मोबाईल, तो वडिलांचा. गावात रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात. ती मुलगी रोज सकाळी त्या कोपऱ्यात बसायची. ऊन वाढले की मोबाईल तापून बंद पडायचा. पाठ अर्ध्यावर तुटायचा. आम्ही मात्र पाठ "पाठवला" म्हणून वहीत खूण करीत होतो. शाळा पुन्हा भरली तेव्हा तिला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. हुशार मुलगी, पण वर्गात मान खाली घालून बसू लागली. दोष रेंजचा होता, तसा आमचाही होता. पाठ निघाला एवढे आम्ही पाहिले, पोहोचला का हे विचारले नाही.

म्हणूनच उपग्रहांच्या या थव्यांकडे आम्ही केवळ नवलाई म्हणून पाहू शकत नाही. ज्या डोंगराळ मुलखात तार नेणे परवडत नाही आणि टॉवर उभा केला तरी पलीकडच्या दरीत रेंज जात नाही, तेथे आकाशातून येणारा संदेश हाच मार्ग उरतो. आपल्या शेजारचे झाबुआ-अलीराजपूर पाहा, सातपुड्यापलीकडचे नंदुरबार पाहा. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली, तेव्हा गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशा जिल्ह्यांची नावे पुढे आली ती याच कारणाने. संकटकाळातही याचा उपयोग आहे. २०१६ च्या सिंहस्थात ५ मे रोजी वादळी पावसाने मंडप कोसळले, माणसे दगावली. तो दिवस उज्जैनकर विसरलेले नाहीत. अशा वेळी जमिनीवरचे खांब आणि तारा पहिल्या झटक्यात आडव्या होतात. वरचा उपग्रह वादळाने पडत नाही.

पण उपग्रह डोक्यावर आला म्हणजे शिक्षण घरात आले, असे मानणे ही फसगत ठरेल. आपल्या देशाला हा धडा पन्नास वर्षांपूर्वीच मिळाला आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन आपण सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचवले. 'साइट' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. त्यात तेव्हाच्या मध्य प्रदेशातील, आज छत्तीसगडमध्ये असलेल्या रायपूर भागातील गावेही होती. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात एक संच, आणि वर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची दहा फुटी छत्री. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. या कामात दोन मराठी माणसे आघाडीवर होती. एक कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस, दुसरे पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे. चिटणीस यांचे २०२५ च्या ऑक्टोबरात पुण्यात वयाच्या शंभराव्या वर्षी निधन झाले.

या प्रयोगाची खरी थोरवी यंत्रांत नव्हती. उपग्रह तर उसनाच होता. थोरवी यात होती की, काय दाखवायचे, कोणत्या भाषेत, कोणत्या वेळी, संच बिघडला तर कोण दुरुस्त करणार, आणि पाहणाऱ्याला काय कळले, या सर्व प्रश्नांचा विचार आधी झाला होता. गावागावांत माणसे पाठवून लोकांना काय समजले ते विचारले गेले. सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना याच माध्यमातून विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडला गेला. तेव्हा आपल्याकडेही केवढी उत्सुकता होती! २०१० साली तो निवृत्त झाला. आमच्या किती पालकांना त्याचा एखादा पाठ पाहिल्याचे आठवते? जेथे खाली तयारीचा शिक्षक होता तेथे उपयोग झाला. जेथे नव्हता तेथे संचावर धूळ बसली.

आज चित्र उलटे आहे. वाहिनी आधी येते आणि तिच्यातून काय वाहणार हे नंतर ठरते, बहुतेक वेळा दुसरेच कोणी ठरवते. डिशची किंमत आणि महिन्याचे भाडे कोणाला परवडणार, हाही प्रश्न आहेच. ज्याच्या घरी मोबाईलचे रिचार्ज महिनाअखेरीस थांबते, त्याच्या छपरावर ही डिश आपोआप उगवणार नाही. ती शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, आरोग्यकेंद्राच्या छपरावर यावी आणि सर्वांना वापरता यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पन्नास वर्षांपूर्वी एका संचासमोर सारे गाव बसत असे. त्यात गैरसोय होती, पण कोणी बाहेर राहत नव्हते.

दुसरी चिंता आकाशाची. हे आम्ही उज्जैनमध्ये राहून म्हणायचे नाही तर कोणी म्हणायचे? प्राचीन भारतीय ज्योतिषात रेखांशाचे गणित ज्या मध्यरेषेवरून होई, ती या नगरीतून जाते असे मानले गेले. क्षिप्रेकाठी सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात वेधशाळा उभारली. पडझड झाल्यावर १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या काळात तिचा जीर्णोद्धार झाला. गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्विदाने तिचा कारभार पाहिला. महिदपूरजवळच्या डोंगला येथे कर्कवृत्तानजीक नवी वेधशाळाही झाली आहे. पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकर, आपल्या उज्जैनचेच, यांनी त्या जागेचे महत्त्व ओळखले होते.

आता आकाशात काही हजार उपग्रह फिरू लागले आहेत. २०१९ च्या मे महिन्यात स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह गेले. २०२५ मध्ये एकट्या या जाळ्याची संख्या ८ हजारांपुढे गेली. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी त्यांच्यावर ऊन पडून ते चमकतात आणि दुर्बिणीच्या छायाचित्रांवर पांढऱ्या रेघा ओढून जातात. रेडिओ दुर्बिणींचे दुखणे वेगळेच. पुणे जिल्ह्यात नारायणगावच्या परिसरात एकीकडे आर्वी आहे. तेथे १९७१ साली परदेशांशी उपग्रहाद्वारे बोलण्यासाठी देशाचे पहिले मोठे भूकेंद्र सुरू झाले. त्याच परिसरात खोडदला जीएमआरटी ही ३० अवाढव्य तबकड्यांची दुर्बीण आहे. आर्वीचे काम उपग्रहाशी बोलण्याचे. खोडदचे काम शांतपणे विश्वाची कुजबुज ऐकण्याचे. दोन्ही कामे आपलीच, दोन्ही हवीत. परंतु उपग्रहांचा गलका वाढला की कुजबुज ऐकू येत नाही. युरोपातील एका रेडिओ दुर्बिणीने २०२३ साली दाखवून दिले की, या उपग्रहांतील विजेच्या उपकरणांमधून नको त्या लहरीही निसटतात.

शिवाय कचरा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये चीनने आपल्या अशाच जाळ्याचे पहिले १८ उपग्रह सोडले, आणि ते वाहून नेणाऱ्या रॉकेटचा वरचा टप्पा फुटून शेकडो तुकडे झाले. एवढ्या वेगात सुपारीएवढा तुकडाही उपग्रहाचा घात करू शकतो. पर्वणी झाल्यावर घाट झाडावा लागतो हे उज्जैनकरांना शिकवावे लागत नाही. आकाशाच्या घाटावर झाडू कोण मारणार, हे मात्र अजून नीट ठरलेले नाही. जो देश पैसे घेऊन दुसऱ्यांचे उपग्रह वर नेतो, त्याने हा प्रश्न जगापुढे जोराने मांडला पाहिजे. गाडीवानाला रस्त्याची काळजी असतेच.

मग आपण, माधव नगरातील एका छोट्या मराठी शाळेने, काय करायचे? रॉकेट तर आपण बांधणार नाही. पण तसे तरी का म्हणावे? पुण्याच्या सीओईपी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा जेमतेम एक किलो वजनाचा दळणवळण उपग्रह स्वतःच्या हातांनी बनवला. २००८ च्या सुमारास काम सुरू झाले आणि २२ जून २०१६ रोजी तो अवकाशात गेला. ज्यांनी आरंभ केला ते पदवी घेऊन बाहेर पडले. त्यांनी लिहून ठेवलेल्या वह्यांवरून पुढच्यांनी काम उचलले, मग त्याच्या पुढच्यांनी. आपल्या हातून पुरे होणार नाही हे ठाऊक असूनही नीट करून ठेवायचे, हा धडा आम्हांला त्या उपग्रहाहून मोठा वाटतो.

विश्वस्त मंडळाला आमची नम्र सूचना अशी की, शाळेची संगणक खोली आणि इंटरनेट शाळा सुटल्यावर रोज दोन तास उघडे ठेवावे. ज्यांच्या घरी सोय नाही त्या मुलांसाठी, आणि शेजारच्या वस्तीतील मुलांसाठीही. विजेचे बिल थोडे वाढेल. ते सोसण्यासारखे आहे. एका शिक्षकाला आळीपाळीने थांबावे लागेल. आम्ही तयार आहोत.

पालकांना विनंती अशी की, घरात येणाऱ्या इंटरनेटमधून मराठी किती येते ते एकदा पाहावे. आपले पूर्वज शिंदेशाहीच्या काळी या माळव्यात आले, येथलेच झाले, तरी त्यांनी घरातली भाषा सांभाळली. आता ती सांभाळायला आकाशातून मदत मिळू शकते, किंवा ती आकाशातूनच वाहून जाऊ शकते. आजीची गोष्ट मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून पुण्याच्या, इंदूरच्या, बडोद्याच्या नातवंडांना पाठवा. उपग्रहाला त्याहून चांगले काम आम्हांला सुचत नाही.

आणि विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, तुमच्यासाठी एक काम. थंडीत आकाश निरभ्र असते. सूर्य मावळल्यावर तासाभराने घरातल्या मोठ्यांना घेऊन गच्चीवर जा. गच्चीवरचा दिवा बंद करा. न लुकलुकता, सरळ रेषेत, सावकाश सरकणारा ठिपका दिसला तर तो उपग्रह समजा. तारीख, वेळ, कोठून उगवला, कोठे गेला हे वहीत लिहा. किती तारे दिसले तेही लिहा. महिनाभराच्या वह्या एकत्र केल्या तर माधव नगरच्या आकाशाची ती नोंद होईल. दरवर्षी करत गेलो तर दहा वर्षांनी तिला किंमत येईल. वेधशाळेत सम्राट यंत्राच्या सावलीकडे पाहून वेळ लिहून ठेवणाऱ्यांनीही याहून वेगळे काय केले? पहिल्या वह्या आम्ही घेऊन वेधशाळेत जाऊ.

ती गच्चीवर बसणारी मुलगी पुढे आमच्याच शाळेतून चांगल्या गुणांनी दहावी झाली. अपूर्णांक तिला कोणत्याही उपग्रहाने शिकवले नाहीत. तिच्या वर्गशिक्षिका चार महिने रोज मधल्या सुटीत तिच्याजवळ बसल्या. उपग्रह अंतर कमी करतो, हे खरे. परंतु शेवटचे दोन हात अंतर, बाकापासून बाकापर्यंतचे, माणसालाच पार करावे लागते. त्या आठवीच्या विद्यार्थ्याला आमचे उत्तर एवढेच: टाळ्या वाजवल्या ते योग्यच झाले. आता टाळ्या वाजवून मोकळे झालेले हात कामाला लावू या.

अस्तु.